हौसेला मोल नाही, पण माप?

जपानहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. बुलेट ट्रेनमध्ये बसलात का? फुजी पर्वत दिसला का? आणि कच्चे मासे खाल्ले का? 2025 च्या जानेवारीत मी दहा-बारा दिवस टोकियोला मावशीकडे राहून आले, तेव्हा मैत्रिणींनी आणि प्राध्यापकांनीही मला हेच तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरे मी आनंदाने दिली. होय, होय आणि नाही. परंतु त्या प्रवासात ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला, तिच्याविषयी कोणी विचारले नाही. मी आपण होऊन सांगू लागले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘तू? आणि तिथे?’ असे भाव उमटत. म्हणून हा लेखनप्रपंच.

ती गोष्ट म्हणजे मोटारींचे एक प्रदर्शन. नव्या कोऱ्या मोटारी विकायला मांडतात तसले नव्हे. विकत घेतलेली मोटार कापून, ठोकून, खाली बसवून किंवा वर उचलून, रंगवून, ती मुळात कोणती होती हेच ओळखू येऊ नये अशी करून टाकणाऱ्या हौशी लोकांचे प्रदर्शन. ‘टोकियो ऑटो सलॉन’ हे त्याचे नाव.

मला मोटारींतले काही कळत नाही हे आधीच कबूल करते. क्लच आणि ब्रेक यांतला फरक मला अजूनही क्षणभर आठवावा लागतो. मी तिथे गेले ती माझ्या धाकट्या भावाच्या सांगण्यावरून. तो बारावीनंतर शिकला नाही. एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये काम करतो. हे सांगताना आमच्या घरातले सगळेच आवाज थोडा खाली आणतात, मीसुद्धा. मी निघायच्या आदल्या रात्री तो म्हणाला, “ताई, फुजी-बिजी काय ते बघ. पण एक दिवस त्या गाड्या बघून ये. आणि तिथल्या कोणाला तरी एवढंच विचार, की ही गाडी पासिंग होते का?”

त्याने हाच प्रश्न का विचारला, ते पुढे सांगते.

मावशी निशी-कासाई भागात राहते. तिथे आपल्याकडची इतकी कुटुंबे आहेत, की सकाळी स्टेशनवर मराठी कानावर पडले तरी कोणी मागे वळून पाहत नाही. तिथून काकांबरोबर निघाले. निशी-फुनाबाशीला गाडी बदलली आणि समुद्राच्या कडेने काइहिन-माकुहारीला उतरले. माकुहारी मेस्से हे तिथले प्रचंड प्रदर्शनगृह, फुमिहिको माकी या नामवंत वास्तुशिल्पज्ञाने आखलेले आणि 1989 साली खुले झालेले. बोचरी थंडी होती. स्टेशनपासूनच रांग लागलेली. त्या रांगेत शाळकरी मुले होती, आजोबा होते, बाबागाडीत बाळे घेतलेल्या आया होत्या. कोणी कोणाला ढकलत नव्हते. इथपर्यंत जपान माझ्या ओळखीचे होते.

आत पाऊल टाकले आणि ते ओळखीचे जपान नाहीसे झाले.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. जपान म्हटले की आपल्याला काय आठवते? सतरा अक्षरांची हायकू, एका फांदीवर भागवणारी पुष्परचना, चहापानाचा विधी, रिकाम्या भिंतीवरची एकच चित्रपट्टी. जपानी सौंदर्य म्हणजे संयम, हे समीकरण आपण परीक्षेत लिहून गुणही मिळवले आहेत. टोकियोच्या रस्त्यांवरही ते खरे वाटत होते. बहुतेक मोटारी पांढऱ्या, काळ्या, करड्या. हॉर्न जवळजवळ ऐकूच येत नव्हता. आणि इथे? जांभळ्या रंगात सोन्याचा चुरा मिसळावा तशी चकाकणारी गाडी. पोट जमिनीला टेकले आहे असे वाटावे इतकी खाली बसवलेली गाडी. व्यंगचित्रकथांतल्या डोळेमोठ्या नायिकांची चित्रे टपापासून दारापर्यंत चिकटवलेली गाडी. संयम म्हणतात तो औषधालाही नव्हता! पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात नाक मुरडत होते, हेही कबूल करते.

मग हळूहळू डोळे सरावले आणि गर्दीतल्या जाती-पोटजाती दिसू लागल्या. जमिनीलगत बसवलेल्या गाडीला ते ‘शाकोतान’ म्हणतात, म्हणजे उंची कमी केलेली. चित्रकथांची चित्रे लावलेल्या गाडीला ‘इताशा’. ‘इताइ’ म्हणजे दुखणारे आणि ‘शा’ म्हणजे वाहन. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दुखते अशी गाडी! स्वतःच्या हौसेला असे नाव देणाऱ्या माणसांविषयी मला एकदम आपुलकी वाटली. या हौसेचा एक जुना, भव्य नातेवाईकही जपानात आहे. शेकडो दिवे आणि चकचकीत पत्र्यांनी मढवलेले मालट्रक, त्यांना ‘देकोतोरा’ म्हणतात. 1975 ते 1979 या काळात अशा ट्रकचालकांवर ‘तोराक्कू यारो’ या मालिकेतले दहा चित्रपट निघाले आणि ती हौस देशभर पसरली. आपल्या घाटात चढणारे ट्रक, त्यांची रंगवलेली फळकी आणि मागचे गोंडे आठवल्यावाचून राहिले नाहीत.

आणि एका कोपऱ्यात मला चक्क नातेवाईक भेटले. जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा एक वर्ग आहे. लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर आणि इंजिन 660 सीसी, यापलीकडे जायचे नाही. या मापात बसलेल्या गाडीला कर कमी. त्या रांगेत सुझुकीचे छोटे मालवाहू ट्रक आणि जिम्नी उभ्या होत्या. काका म्हणाले, “ओळखल्यास का? ही आपली जिप्सी.” जिप्सी हे जिम्नीचेच भारतीय रूप, 1985 पासून आपल्याकडे बनू लागलेले. त्याआधी 1983 च्या डिसेंबरात आलेली पहिली मारुती 800 देखील याच सुझुकीच्या छोट्या गाडीवरून बेतलेली. ज्या गाडीने आपल्या मध्यमवर्गाला मोटारीत बसवले, तिची भावंडे तिथे वेष पालटून उभी होती. एकीला तर जुन्या जीपगाडीचा मुखवटा चढवला होता. मी परतल्यावर महिन्याच्या आतच हे नाते उलट दिशेने फिरले. गुरुग्रामच्या कारखान्यात बनणारी पाच दरवाज्यांची जिम्नी सुझुकीने जपानात विकायला काढली, आणि चार-पाच दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या नोंदल्या गेल्याने नोंदणी थांबवावी लागली. आपल्या कामगारांच्या हातची गाडी घेऊन आता जपानी पोरे तिचे काय काय करतील, देव जाणे!

येथवर वर्णन झाले. पण वर्णनासाठी वार्षिकाची पाने अडवायची नाहीत. मला जो प्रश्न पडला तो असा : इतकी नियमप्रिय माणसे इतक्या मोकळ्या हौसेला वाव कसा देतात? की ही हौस म्हणजे वर्षातून तीन दिवस झाकण उघडून सोडलेली वाफ आहे?

याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते. हे लोक पूर्वीपासून असे शहाणे होते, असे मुळीच नाही. सत्तरीच्या दशकात जपानी शहरांतून तरुणांची टोळकी रात्रीबेरात्री मोटारसायकली आणि मोटारी घेऊन कर्णकर्कश आवाज करीत फिरत. त्यांना ‘बोसोझोकू’ म्हणत. 1978 मध्ये कायदा बदलून अशा झुंडीने वाहने हाकण्यावर बंदी आली. तरीही 1982 साली पोलिसांच्या नोंदीत असे बेचाळीस हजारांवर तरुण होते. दुसरीकडे इंजिनाची ताकद वाढवून महामार्गावर रात्री वेग आजमावणारे वेगळेच वेडे होते. या दोन जमाती एक नव्हेत. परंतु शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीने दोघेही सारखेच वाया गेलेले. मोटारीत परस्पर केलेले बहुतेक बदल तेव्हा कायद्याबाहेरचे होते.

अशा वेळी, 1983 साली, ‘ऑप्शन’ नावाच्या मोटारविषयक मासिकाचे संपादक दाइजिरो इनादा यांच्या पुढाकाराने टोकियोत एक प्रदर्शन भरले. नाव होते ‘टोकियो एक्सायटिंग कार शो’. अंधाऱ्या रस्त्यावरची गाडी दिव्यांच्या उजेडात, चार भिंतींच्या आत, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे उभी राहिली. 1987 मध्ये त्याचेच नाव ‘टोकियो ऑटो सलॉन’ झाले. 1995 मध्ये सरकारने मोटारींतल्या फेरफारांचे नियम सैल केले. यामागे केवळ हौशी तरुणांविषयीची माया नव्हती. सुट्या भागांचा बाजार खुला करावा असा अमेरिकेचा व्यापारी तगादाही होता. पण वाट मोकळी झाली हे खरे. 2019 साली या प्रदर्शनाला तीन लाख तीस हजारांच्या वर लोक आले. 2021 मध्ये साथीमुळे ते रद्द झाले. मी गेले त्या वर्षी तीन दिवसांत अडीच लाखांवर माणसे येऊन गेली. आज टोयोटा, निस्सान, होंडा यांच्यासारख्या कंपन्या तिथे आपले मंडप घालतात. टोयोटाने तर आपली ‘जीआर यारिस’ ही वेगवान गाडी 2020 मध्ये याच व्यासपीठावरून जगापुढे आणली.

म्हणजे काल ज्यांना उनाड म्हटले, त्यांच्याच हौसेपाशी आज कारखानदार मंडप घालून बसले आहेत. हे कसे घडले? माझ्या मते या साऱ्याचे मर्म एका लहानशा शब्दात आहे : माप.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नाही. जपानी माणसाने हौसेला मोल लावले नाही, पण माप मात्र लावले. तिथे खासगी मोटारीची तपासणी, आपल्या भाषेत पासिंग, पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. तिला ‘शाकेन’ म्हणतात. 1995 नंतरच्या नियमाप्रमाणे नेहमीचे सुटे भाग बसवून गाडीची लांबी तीन सेंटिमीटरांपर्यंत, रुंदी दोन सेंटिमीटरांपर्यंत आणि उंची चार सेंटिमीटरांपर्यंत बदलली, तर वेगळी परवानगी लागत नाही. त्यापलीकडे जायचे तर कागदपत्रे घेऊन जा, तपासून घ्या, नोंद बदलून घ्या. गाडी कितीही खाली बसवा, पण तिचे पोट आणि जमीन यांत नऊ सेंटिमीटर अंतर हवे. सायलेन्सर बदला, पण 2010 च्या एप्रिलपासून बनलेल्या गाडीला बसवायचा तो सायलेन्सर आधी तपासून प्रमाणित झालेला हवा.

दोन, तीन, चार, नऊ. हे आकडे मला कोणी अधिकाऱ्याने सांगितले नाहीत. वाहनविद्या शिकवणाऱ्या एका संस्थेच्या विद्यार्थ्यांनी सांगितले. अशा अनेक संस्था तिथे आपापल्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या गाड्या घेऊन येतात. ती मुले माझ्याच वयाची होती. निळ्या डगल्यांतली, हाताच्या नखांत काळे अडकलेली. माझ्या भावाच्या नखांत असते तसेच. त्यांनी एका जुनाट गाडीची मडगार्डे रुंद केली होती, नवा पत्रा जोडून. मी पुढे होऊन काकांकरवी भावाचा प्रश्न विचारला : ही गाडी पासिंग होते का?

त्या मुलाचा चेहरा असा काही खुलला, की एवढा वेळ लोक नुसते फोटो काढून जात होते आणि खरा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला, असे वाटावे. तो धावत जाऊन एक फाइल घेऊन आला. तिच्यात मोजमापांची चित्रे होती आणि तपासणीचे कागद होते. “झाली आहे,” तो म्हणाला, “पण पहिल्यांदा नाही झाली. इथे थोडे बाहेर गेले होते.” त्याने अंगठा आणि तर्जनी यांत भाताच्या शितापेक्षा थोडे जास्त अंतर दाखवले. तेवढ्यासाठी त्यांनी एक आख्खी बाजू कापून पुन्हा बसवली होती. मग त्याने मडगार्डावरून तळहात फिरवला आणि मलाही खुणेने फिरवायला सांगितले. जिथे जोड होता तिथे हाताला काहीच लागले नाही. “डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळते,” असे काहीसे तो म्हणाला. हेच वाक्य मी आमच्या ओसरीवर भावाच्या तोंडून किती तरी वेळा ऐकले आहे, आणि दर वेळी पुस्तकातून मान वर न काढता ‘हं’ म्हटले आहे.

आता भावाचा प्रश्न कुठून आला ते सांगते. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या मोटारसायकलीचा सायलेन्सर बदलला होता. फट्-फट् आवाज येणारा. त्या आवाजाने आमची आजी रात्री दचकून उठे. मी त्याला ‘रानटी’ म्हणाले होते. मग एक दिवस वाहन पकडले गेले, दंड झाला, आणि जप्त केलेल्या इतर सायलेन्सरांबरोबर त्याचाही सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावरून रोलर फिरवण्यात आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरे सांगते, त्या गर्दीत मी असते तर मीही वाजवल्या असत्या. आजही मला वाटते, तो सायलेन्सर जायलाच हवा होता. आजारी माणसाच्या झोपेपेक्षा कोणाची हौस मोठी नाही.

परंतु त्या रात्री तो जे म्हणाला ते मला तेव्हा कळले नव्हते. तो म्हणाला, “आवाजाचं चुकलंच. पण ताई, मी त्या गाडीची टाकी स्वतः ठोकून बनवली होती, सीट स्वतः शिवलं होतं. त्यातलं काय चालतं आणि काय चालत नाही, हे विचारायला मी दोन ठिकाणी जाऊन आलो. एकानं सांगितलं, काहीच चालत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, सगळं चालतं, फक्त बघून घ्यावं लागतं.”

‘काहीच चालत नाही’ आणि ‘सगळे चालते, बघून घ्यावे लागते’. आपल्याकडच्या हौशी माणसाची सारी गोष्ट या दोन वाक्यांत येते. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 52 आहे. 2019 च्या जानेवारीत, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ स्पष्ट केला : उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि बाहेरून भाग बसवण्याच्या अटी केंद्र सरकारने ठरवाव्यात अशी सोय केली. कागदावर वाट आहे. पण तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला भिंतीवर चिकटवून ठेवता येईल असे ‘दोन, तीन, चार, नऊ’ कोणी सांगितले आहे का? नियम कडक असला तरी माणूस त्याच्याशी जुळवून घेतो, पण तो कळला तर पाहिजे. न कळणारा नियम दोनच प्रकारची माणसे घडवतो : घाबरून हौस सोडून देणारी आणि बेदरकारपणे सायलेन्सर फोडणारी. मधला, फाइल हातात घेऊन धावत येणारा मुलगा घडतच नाही.

यावर आक्षेप येतील, आणि ते यावेत. प्रदर्शनातल्या सगळ्याच गोष्टी मला आवडल्या असे नाही. कित्येक मंडपांत गाडीशेजारी तोकड्या कपड्यांतल्या मुली उभ्या केल्या होत्या आणि कॅमेरे गाडीपेक्षा त्यांच्याकडेच वळलेले होते. गाडी रुंद करायला दोन सेंटिमीटरांचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाने बाईकडे पाहण्याचेही काही माप ठेवावे, असे मला तीव्रतेने वाटले. दुसरे म्हणजे, या हौसेतला मोठा भाग आता हाताने करण्याचा राहिलेला नाही. पेटीत मिळणारे तयार भाग विकत घेऊन बसवायचे, म्हणजे हौसेलाही मोल लागलेच की! तिसरे, जपानातही सगळे साळसूद नाहीत. योकोहामाजवळ उन्नत महामार्गावर दाइकोकू नावाचा गाड्या थांबवण्याचा तळ आहे. तिथे रात्री अशा गाड्यांची जत्रा जमते, आणि आवाज आणि गर्दी हाताबाहेर गेली की तो बंद करावा लागतो. आणि हवामानाची काळजी वाहणाऱ्या जगात पेट्रोलच्या गाड्यांचे कौतुक कशाला, हा आक्षेप तर मी स्वतःच स्वतःला घेतला.

हे सगळे मान्य करूनही माझे मत बदलत नाही. कारण मी मोटारींची वकिली करीत नाही. मी त्या तळहाताची वकिली करते आहे.

बेंदराला बैलाची शिंगे रंगवणारा, झुलीला आरसे लावणारा शेतकरी कोणाच्या परवानगीने ते करतो? जे आपल्या कष्टाचे साधन, ते नुसते उपयोगाचे राहू नये, आपले दिसावे, ही माणसाची फार जुनी गरज आहे. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात. तिथल्या रिक्षावाल्यांनी जपान पाहिलेले नाही, पण माकुहारीच्या त्या मंडपात ते उभे राहिले असते तर भाषेवाचून त्यांचे संभाषण झाले असते. आणि गंमत पाहा, रिक्षा हे परवान्याचे वाहन. तिला मीटर आहे, पासिंग आहे. तिचा रंग ठरलेला, आकार ठरलेला. त्या ठरलेल्या चौकटीत रिक्षावाला आरसे, नक्षी, गादीचे काम, काचेवरची अक्षरे यांतून आपली रिक्षा हजारांत उठून दिसेल अशी करतो. म्हणजे हौस आणि माप एकत्र नांदू शकतात, हे शिकायला जपानला जाण्याची गरज नव्हती. मला मात्र जावे लागले, कारण घरची गोष्ट परक्या मुलखात पाहिल्याशिवाय तिची किंमत कळू नये, हा शिकलेल्या माणसांचा जुना रोग आहे आणि तो मलाही जडला आहे.

आपल्या महाविद्यालयाच्या नावात ‘कला’ हा शब्द आहे. तीन वर्षांत मी सौंदर्यशास्त्रावर दोन निबंध लिहिले. त्यांत ग्रीक शिल्पे आली, अजिंठा आला, जपानी चहापान आले. आपल्या फाटकासमोरच्या रस्त्यावर पाटी रंगवणारा, पत्रा ठोकणारा, गादी शिवणारा यांच्यापैकी एकही आला नाही. तो यावा, असे मला सुचलेच नाही. दोष प्राध्यापकांचा नाही. निबंधाचा विषय मीच निवडला होता.

म्हणून शेवटी एक सूचना करते आणि थांबते. पुढच्या स्नेहसंमेलनात आपण रांगोळी आणि पुष्परचनेची स्पर्धा घेऊच. त्याबरोबर एक दिवस मागच्या पटांगणात गावातल्या रिक्षावाल्यांना, ट्रक रंगवणाऱ्यांना आणि गॅरेजमधल्या पोरांना त्यांची कामे घेऊन बोलवावे. प्रत्येक वाहनापुढे एक फळा असावा. पत्र्याचे काम कोणाचे, रंग कोणाचा, शिवण कोणाची, हे त्यावर नावानिशी लिहावे. परिवहन खात्याच्या एखाद्या जाणकार अधिकाऱ्याला विनंती करून ‘काय चालते, काय चालत नाही’ हे मापांसह सांगायला उभे करावे. इंजिने बंद असावीत, म्हणजे कोणाच्या आजीची झोप मोडणार नाही. आणि आपण विद्यार्थ्यांनी त्या दिवशी भाषण न करता नुसते पाहावे, हात लावून पाहावे.

परतल्यावर मी भावाला फाइलचे फोटो दाखवले. बाकी चमकदार गाड्यांचे फोटो त्याने भराभर पुढे ढकलले. त्या कागदांवर मात्र थांबला. जपानी अक्षरे त्याला वाचता येईनात, पण आकडे येत होते. ते त्याने बोट ठेवून वाचले आणि विचारले, “पहिल्यांदा किती बाहेर गेलं होतं म्हणालीस?”

मी अंगठा आणि तर्जनी यांत अंतर दाखवले. तो बराच वेळ त्या अंतराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तेवढं माझंही जातं.”